उसनी पिसं, आपला पूल

1930च्या दशकात फिलाडेल्फियातल्या ज्यू तरुण-तरुणींची शनिवारची रात्र ठरलेली असे. ब्रॉडवुड हॉटेलच्या बॉलरूममध्ये आधी बास्केटबॉलचा सामना आणि सामना संपला की त्याच फरशीवर नाच. गिल फिच नावाचा खेळाडू जर्सी उतरवून सूट चढवी आणि वाद्यवृंदापुढे उभा राही. संघाचं नाव ‘स्फाज’. साउथ फिलाडेल्फिया हिब्रू असोसिएशनच्या आद्याक्षरांतून ते जमवलेलं होतं. जर्सीच्या छातीवर चार हिब्रू अक्षरं असायची: सामेख, पे, हे, आलेफ. परगावी खेळायला गेलं की ज्यूद्वेष्टे प्रेक्षक शिव्या घालत. तरीही ही पोरं ती अक्षरं छातीवर मिरवत मैदानात उतरत. या संघाचा कर्ताधर्ता होता एडी गॉटलिब. कीव्हमध्ये जन्मलेला आणि लहानपणी अमेरिकेत आलेला हा माणूस सामन्यांची वेळापत्रकं डोक्यातच ठेवणारा होता.

याच गॉटलिबच्या हाती 1946 मध्ये एक नवा व्यावसायिक संघ आला. मोठमोठ्या बंदिस्त क्रीडागृहांच्या मालकांनी एकत्र येऊन लीग काढली होती, आणि तिच्यातला फिलाडेल्फियाचा संघ उभा करण्याचं आणि त्याला शिकवण्याचं काम गॉटलिबकडे सोपवलं गेलं. संघाला नाव दिलं ‘वॉरियर्स’. 1920च्या दशकात फिलाडेल्फियात या नावाचा एक संघ होऊन गेला होता, त्याचंच हे नाव. जो फल्क्स नावाचा उडी मारून नेम साधणारा खेळाडू त्यांच्याकडे होता आणि त्याच्या जोरावर पहिल्याच वर्षी, 1947 मध्ये, त्यांनी विजेतेपद पटकावलं. या लीगचीच पुढे एनबीए झाली. त्यामुळे एनबीएच्या विजेत्यांच्या यादीत पहिलं नाव वॉरियर्सचं लागतं.

आता या वॉरियर्सचं बोधचिन्ह बघा. पन्नाशीच्या दशकातल्या फिलाडेल्फियाच्या चिन्हात एक व्यंगचित्री ‘इंडियन’ आहे. त्याच्या डोक्याला पीस खोवलेलं आहे आणि तो चेंडू टप्पे देत धावतो आहे. त्या काळच्या अमेरिकेत हे इतकं सर्रास होतं की कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. बेसबॉल, फुटबॉल, कॉलेजं, शाळा, सगळीकडे पिसं, कुऱ्हाडी आणि लाल चेहरे होते. पण गॉटलिबच्या दोन संघांची चिन्हं शेजारी शेजारी ठेवली की मला राहवत नाही. पहिल्या संघाच्या जर्सीवर त्याची स्वतःची लिपी होती, ज्यांच्या वाट्याला ती आली त्यांनी अपमान सोसून अंगावर वागवलेली. दुसऱ्या संघाच्या चिन्हात परक्या समाजाचा चेहरा आला, आणि तोही हसण्यासाठी काढलेला. ज्यांचा तो चेहरा होता त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांना विचारायला फार लांब जावं लागलं नसतं. फिलाडेल्फिया वसलं ती भूमी लेनापे लोकांची. आणि पुढे याच संघाच्या चिन्हात येणारा पिसांचा मोठा शिरपेच हा काही लेनाप्यांचा पोशाख नव्हे. तो लाकोटा, शायेन अशा अमेरिकेच्या मध्यभागातल्या माळरानांवरच्या जमातींचा, आणि तिथेही पराक्रमाने मिळवावा लागणारा मान. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्याच कार्लाइल गावात 1879 ते 1918 या काळात एक निवासी शाळा चालली. देशभरातल्या मूलनिवासी जमातींची मुलं तिथे आणली जात. त्यांचे केस कापले जात, नावं बदलली जात, स्वतःची भाषा बोलायला बंदी असे. कित्येक मुलं तिथल्याच दफनभूमीत राहिली. ज्या राज्यात खऱ्या मुलांचे केस कापून त्यांचं मूळ पुसलं गेलं, त्याच राज्यात तीस वर्षांनी नकली पिसांचं चित्र एका संघाचं चिन्ह म्हणून आलं. या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करून मला पाहता येत नाहीत.

कार्लाइलपासून मोटारीने तासाभराच्या आत हर्शी हे चॉकलेटचं गाव लागतं. तिथल्या क्रीडागृहात 2 मार्च 1962 रोजी वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एका सामन्यात 100 गुण केले. प्रेक्षक होते 4,124. दूरचित्रवाणीचा कॅमेरा एकही नव्हता. त्या रात्रीचं जे छायाचित्र जगभर गेलं, त्यात विल्टने हातात कागद धरला आहे आणि कागदावर हाताने 100 लिहिलं आहे. त्याच सामन्यात ॲल ॲटल्स नावाच्या बुटक्या, चिवट गार्डने आठ वेळा बास्केटकडे चेंडू टाकला आणि आठही वेळा तो आत गेला. त्याचे 17 गुण कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. ॲटल्स हे नाव ध्यानात ठेवा. या संघाची चिन्हं, शहरं, मालक, सगळं बदललं, पण हा माणूस साठ वर्षं तिथेच राहिला.

हर्शीनंतर काही महिन्यांतच गॉटलिबने संघ विकला. 1952 मध्ये 25 हजार डॉलरना घेतलेल्या संघाचे साडेआठ लाख आले. नवे मालक सॅन फ्रान्सिस्कोचे, तेव्हा संघही देश ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर गेला. सोबत पिसंही गेली. आता धावणाऱ्या माणसाऐवजी नुसता पिसांचा शिरपेच चिन्हावर आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठचे मूळ रहिवासी ओहलोनी लोक. माळरानांवरचा तो शिरपेच त्यांनाही तितकाच परका.

मालकांच्या त्या गटात फ्रँकलिन मिउली होता. तो रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या धंद्यातला. दाढीवाला, मोटरसायकलवरून फिरणारा आणि डोक्यावर शेरलॉक होम्सच्या थाटाची टोपी घालणारा. हळूहळू संघ त्याच्याच हातात आला. त्याच्यापुढे पेच सरळ होता. लोक सामन्यांना येत नव्हते. संघ फिलाडेल्फियातून आलेला, विल्टला 1965 मध्ये परत फिलाडेल्फियाच्या दुसऱ्या संघाकडे धाडलेलं, आणि सामने होत काऊ पॅलेसमध्ये. म्हणजे जनावरांच्या प्रदर्शनांसाठी बांधलेल्या, शहराच्या हद्दीबाहेर डेली सिटीत असलेल्या इमारतीत. हा संघ आपला आहे असं सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाला वाटावं असं त्यात होतं काय?

मिउलीने 1966 मध्ये दिलेलं उत्तर मला आजही क्रीडाजगतातल्या सर्वांत सुंदर चित्रांपैकी एक वाटतं. जर्सीच्या छातीवर गोल वर्तुळ. वर्तुळात गोल्डन गेट पूल, त्याचे मनोरे आणि झोके घेणाऱ्या तारा. वर संघाचं नाव नाही, शहराचंही नाव नाही. फक्त दोन शब्द, ‘द सिटी’. खाडीभोवतालचे लोक सॅन फ्रान्सिस्कोला याच नावाने ओळखतात, जसं पुण्याच्या उपनगरातला माणूस गावात जातो म्हणतो आणि त्याला कुठल्या गावात असं कुणी विचारत नाही. जर्सीच्या पाठीवर केबल कार होती, चढणीच्या रस्त्यांवरून दोरीने ओढली जाणारी ती जुनी ट्राम, आणि तिच्या चित्रात खेळाडूचा क्रमांक. बास्केटबॉलच्या जर्सीवर तोपर्यंत अक्षरं आणि आकडे असत. आपल्या गावाचं चित्र अंगावर घालून खेळायचं ही कल्पनाच नवी होती. रिक बॅरी आणि नेट थर्मंड ही जर्सी घालून 1967 च्या अंतिम फेरीपर्यंत गेले. बॅरीने त्या वर्षी सामन्यामागे सरासरी 35.6 गुण काढले. अंतिम फेरीत गाठ पडली ती फिलाडेल्फियाच्या नव्या संघाशी आणि त्यात खेळणाऱ्या विल्टशी. वॉरियर्स 4-2 असे हरले.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मिउलीने पूल काढला तो कुणाची माफी मागण्यासाठी नाही. त्याला तिकिटं विकायची होती आणि त्याचं आपल्या शहरावर प्रेम होतं. पण परिणाम मात्र मोठा झाला. दशक सरता सरता पिसं मागे पडली आणि पुलाचं वर्तुळ हेच संघाचं मुख्य चिन्ह झालं. नेमक्या त्याच खाडीत 20 नोव्हेंबर 1969 रोजी मूलनिवासी तरुण होड्यांतून अल्काट्राझ बेटावर उतरले. ते बेट म्हणजे रिकामा पडलेला तुरुंग होता. सरकारला नको असलेली जमीन 1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने आमची होते, असा त्यांचा दावा होता. बेटाची किंमत म्हणून त्यांनी 24 डॉलरचे काचेचे मणी आणि लाल कापड देऊ केलं. मॅनहॅटन जेवढ्याला घेतलं असं गोऱ्यांच्या इतिहासात सांगतात, तेवढ्यालाच. मोहॉक जमातीचा रिचर्ड ओक्स त्यांचा पुढारी होता. 11 जून 1971 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 19 महिने, त्यांनी बेट सोडलं नाही. अमेरिकेत मूलनिवासींच्या हक्कांची चळवळ तिथून देशभर पेटली. जवळच्याच स्टॅनफर्ड विद्यापीठाने 1972 मध्ये, तिथल्याच मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या मागणीवरून, आपल्या संघांचं ‘इंडियन्स’ हे नाव टाकलं. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाला हीच गोष्ट करायला 2020 उजाडावं लागलं. क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाला त्याहूनही वर्षभर जास्त. वॉरियर्स पन्नास वर्षं आधी, गाजावाजा न होता, या वाटेवरून बाजूला झाले होते. नाव राहिलं, चेहरा गेला. माझ्या मते ते योग्यच झालं. योद्धे कुठल्याही समाजात असतात, म्हणून नावात कुणाचा अपमान नव्हता. तो त्या चित्रात होता.

पण ‘द सिटी’च्या चित्रातही एक खोच होती, आणि ती पूर्वेकडच्या माणसाला टोचत होती. गोल्डन गेट पूल सॅन फ्रान्सिस्कोला उत्तरेच्या मरिन काउंटीशी जोडतो. खाडीच्या पूर्वेला ओकलंड आहे. ते गोदी कामगारांचं, रेल्वेच्या डब्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांचं, ब्लॅक पँथर चळवळीचं गाव. त्याला सॅन फ्रान्सिस्कोशी जोडतो तो बे ब्रिज. हा पूल गोल्डन गेटच्या सहा महिने आधी, नोव्हेंबर 1936 मध्ये सुरू झाला. पोस्टकार्डांवर मात्र कायम दुसराच पूल छापला गेला. बे ब्रिज हा रोज कामावर जाणाऱ्यांचा पूल. त्याचा फोटो काढायला कुणी थांबत नाही.

आणि गंमत पाहा, मिउलीला शेवटी ओकलंडलाच जावं लागलं. तिथे 1966 मध्ये नवं कोरं क्रीडागृह उभं राहिलं होतं आणि काऊ पॅलेसमध्ये खुर्च्या रिकाम्या राहत होत्या. 1971 मध्ये संघ खाडी ओलांडून गेला. मग नाव काय ठेवायचं? ‘सॅन फ्रान्सिस्को’ म्हणता येईना आणि ‘ओकलंड’ म्हणायला मिउली तयार नव्हता. त्याच वर्षी सॅन डिएगोचा रॉकेट्स संघ ह्यूस्टनला निघून गेला होता, तेव्हा राज्याच्या दुसऱ्या टोकाला तिथेही सहा सामने खेळायचे असं ठरलं. साऱ्या राज्याचा संघ म्हणून राज्याचं टोपणनाव घेतलं आणि ‘गोल्डन स्टेट वॉरियर्स’ झाले. सॅन डिएगोचे सामने वर्षभरात बंद पडले, नाव मात्र चिकटलं. ज्या गावात पुढे 47 हंगाम हा संघ खेळला त्या ओकलंडचं नाव त्याला कधीही लागलं नाही. चिन्हात पूल जाऊन कॅलिफोर्नियाचा नकाशा आला आणि त्यात खाडीच्या जागी एक तारा. नकाशा सगळ्यांचा असतो, म्हणून तो कुणाच्याच काळजाला भिडत नाही. मला हे चिन्ह नेहमीच एखाद्या सरकारी खात्याचं वाटत आलेलं आहे.

तरीही याच नकाशाखाली त्यांनी 1975 चं विजेतेपद जिंकलं. प्रशिक्षक होता ॲल ॲटल्स. अंतिम फेरीत समोर वॉशिंग्टन बुलेट्स, वर्षभरात 60 सामने जिंकलेले. वॉरियर्सचे 48. त्यातून ओकलंडचं क्रीडागृह आधीच बर्फावरच्या नृत्यांच्या ‘आइस फॉलीज’ या कार्यक्रमासाठी दिलेलं होतं. त्यामुळे राज्याचं नाव मिरवणाऱ्या या संघाला घरचे सामने परत काऊ पॅलेसमध्ये, त्या गुरांच्या प्रदर्शनाच्या इमारतीत खेळावे लागले. त्यांनी बुलेट्सना सलग चार सामन्यांत धूळ चारली. अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांचे प्रशिक्षक कृष्णवर्णीय असण्याची एनबीएच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. हरलेल्या बुलेट्सच्या चिन्हाचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यांच्या नावातले दोन ‘एल’ चेंडूकडे झेपावणारे हात होते. त्यांचे मालक एब पोलिन यांना राजधानीच्या रस्त्यांवर गोळीबारात माणसं मरत असताना ‘बुलेट्स’ हे नाव टोचत होतं. नोव्हेंबर 1995 मध्ये त्यांचे मित्र, इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची गोळ्या झाडून हत्या झाली आणि पोलिन यांनी नाव बदलण्याची घोषणा केली. 1997 मध्ये तो संघ ‘विझार्ड्स’ झाला.

1997 मध्ये वॉरियर्सनीही आपलं चिन्ह बदललं, पण त्यामागे असं कुठलंही दुःख नव्हतं. तो काळ बाजाराचा होता. टोरंटोने 1995 मध्ये चेंडू टप्पे देणारा लाल डायनासोर आणला होता, डेट्रॉइटने पुढच्या वर्षी आयाळीतून ज्वाळा निघणारा घोडा. टोप्या आणि जर्सी दुकानात पोरांनी ओढून घ्याव्यात यासाठी सगळं चाललं होतं. वॉरियर्सनी आपला पिवळा-निळा रंग गडद केला, त्यात नारिंगी मिसळला आणि नकाशाच्या जागी हातात वीज धरलेला एक निळा योद्धा उभा केला. तो अमुक एका गावाचा नव्हता, अमुक एका लोकांचा नव्हता. कॉमिकच्या पानावरून उचलून आणल्यासारखा तो होता, आणि उद्या दुसऱ्या कुठल्याही संघाने उचलला असता तरी फरक पडला नसता. पिसं उसनी होती खरी, पण त्या उसनवारीमागे निदान कुणीतरी खरं होतं. ही वीज कुणाचीच नव्हती. त्या चिन्हाचा पहिला हंगामही तसाच गेला. 82 पैकी 19 विजय, आणि डिसेंबरात सरावाच्या वेळी लट्रेल स्प्रिवेलने प्रशिक्षक पी. जे. कार्लेसिमो यांचा गळा दाबला. देशभर संघाची छी-थू झाली.

पण चिन्हाला कसदार करणारे शेवटी लोक असतात, हे याच जर्सीने दाखवलं. 2007 मध्ये बारा हंगामांच्या दुष्काळानंतर वॉरियर्स बाद फेरीत पोचले, तेही शेवटच्या, आठव्या क्रमांकावर. समोर डॅलस, त्या वर्षी 67 सामने जिंकलेला. ओकलंडच्या प्रेक्षकांनी ‘आमचा विश्वास आहे’ असं लिहिलेले पिवळे टीशर्ट घातले आणि असा काही गोंगाट केला की डॅलसचे खेळाडू गांगरून गेले. बॅरन डेव्हिसच्या त्या संघाने डॅलसला घरी धाडलं. त्या दिवसांपासून त्या नारिंगी-निळ्या, विजेच्या जर्सीवर ओकलंडचा माणूस जीव टाकतो. चित्रकलेच्या दृष्टीने ते चिन्ह फिकं आहे, हे माझं मत मी बदलत नाही. पण ओकलंडच्या लोकांपुढे ते मांडण्याची गरजही मला वाटत नाही.

दोन वर्षांनी स्टेफन करी संघात आला. पहिल्या हंगामात तो हीच विजेची जर्सी घालून खेळला. मग जून 2010 मध्ये नवं चिन्ह जाहीर झालं: निळं वर्तुळ, सोनेरी पिवळा रंग आणि वर्तुळात पूल. 1966 च्या ‘द सिटी’ची आठवण येते हे खरं, पण पूल मात्र वेगळा. हा बे ब्रिज आहे, आणि त्याचाही पूर्वेकडचा, ओकलंडच्या बाजूचा भाग. चिन्ह जाहीर झालं त्या दिवशी तो पूल बांधून झालेलाच नव्हता!

त्याची कथा 17 ऑक्टोबर 1989 ला सुरू होते. संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी लोमा प्रिएटाचा 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला. त्या वेळी बेसबॉलच्या वर्ल्ड सीरीजमध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड हेच दोन संघ एकमेकांसमोर होते आणि सामना सुरू होण्याच्या बेतात होता. ओकलंडमधला सायप्रस हा दुमजली रस्ता कोसळला आणि त्याखाली 42 माणसं चेंगरली. बे ब्रिजच्या पूर्वेकडच्या भागात वरच्या मजल्याचा पंधराएक मीटरचा तुकडा खालच्या मजल्यावर पडला. महिन्याभरात पूल दुरुस्त झाला, पण हा भाग नवाच बांधायला हवा हे उघड होतं. वाद, आराखडे, खर्च यांत वर्षं गेली. शेवटी एकाच मनोऱ्यावर पेललेल्या झुलत्या पुलाचा आराखडा ठरला. 160 मीटर उंच पांढरा मनोरा आणि त्याच्यावरून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या तारा. एकूण खर्च 640 कोटी डॉलरच्या घरात गेला. 2 सप्टेंबर 2013 ला तो वाहतुकीला खुला झाला. वॉरियर्सच्या छातीवर त्याआधी तीन वर्षं तो उभा होता. आयुष्यभर दुसऱ्या पुलाच्या सावलीत राहिलेल्या, भूकंपात तुटलेल्या, मजुरांच्या आणि चाकरमान्यांच्या पुलाला पहिल्यांदा मान मिळाला. तो ज्या बाजूने काढला ती बाजूही ओकलंडची होती. 1971 मध्ये नावातून गाळलेलं गाव 2010 मध्ये चित्रातून परत आलं, असं मला वाटतं, आणि म्हणून या संघाच्या सगळ्या चिन्हांमध्ये मी या चिन्हाला सर्वांत वर ठेवतो.

त्याच जुलैमध्ये जो लेकब आणि पीटर गुबर यांच्या गटाने 45 कोटी डॉलरना संघ विकत घेण्याचा करार केला. त्या गटात मुंबईत जन्मलेले, सिलिकॉन व्हॅलीत सॉफ्टवेअर कंपन्या उभ्या केलेले विवेक रणदिवे होते. ते काही काळ संघाचे उपाध्यक्ष होते. 2013 मध्ये आपला वाटा सोडून त्यांनी सॅक्रामेंटो किंग्ज घेतला आणि तोच संघ घेऊन ते ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत आले. वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध झालेले ते दोन सामने भारतातले एनबीएचे पहिले सामने.

पुलाखालचा संघ 2015 मध्ये जिंकला, 2017 आणि 2018 मध्ये जिंकला. जगभरातली पोरं ते निळं-पिवळं वर्तुळ ओळखू लागली. पण आतून संघ खाडीच्या पश्चिमेला सरकत होता. नव्या मालकांनी 2012 मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत नवं क्रीडागृह बांधण्याचा बेत जाहीर केला होता. पहिली जागा जमली नाही, मग मिशन बे भागात जमीन घेतली. ओकलंडला हे लागलं. इथे संघ रडतखडत खेळत होता तेव्हा तिकिटं काढली ती आम्ही, आणि भरभराट झाल्यावर तो श्रीमंतांच्या गावी चालला, ही त्यांची भावना होती. ती मला खोटी वाटत नाही. 2017-18 च्या हंगामात संघाने ‘द टाऊन’ असं लिहिलेली जर्सी काढली. तिच्यावर ओकलंडच्या नगरचिन्हातला ओकचा वृक्ष होता. ओकलंडचे लोक आपल्या गावाला टाऊन म्हणतात, पलीकडच्या ‘सिटी’ला दिलेलं ते उत्तर आहे. जर्सी देखणी होती, पण निरोपाची होती. 13 जून 2019 ला टोरंटोकडून अंतिम फेरी हरत वॉरियर्स ओकलंडमधला शेवटचा सामना खेळले. चिन्हातल्या पुलाच्या रेषा आणि अक्षरं थोडी नीटस करून शरद ऋतूत ते सॅन फ्रान्सिस्कोच्या चेस सेंटरमध्ये गेले. पुढच्याच हंगामात त्यांनी 2007 ची ती विजेच्या काळातली जर्सी ‘ओकलंड कायमचं’ अशा नावाने परत आणली. त्या पाठोपाठ फुटबॉलचे रेडर्स लास व्हेगासला गेले आणि 2024 मध्ये बेसबॉलचे ए’ज सुद्धा ओकलंड सोडून गेले. एका गावातून पाच वर्षांत तीन संघ गेले.

ॲल ॲटल्स 20 ऑगस्ट 2024 रोजी वारले, 87 वर्षांचे होऊन. 1960 मध्ये फिलाडेल्फियाने निवडलेला हा मुलगा पिसांच्या काळात खेळला, ‘द सिटी’च्या काळात खेळला, नकाशाच्या काळात प्रशिक्षक होता, मग व्यवस्थापक, मग संघाचा दूत. विजेचे दिवसही त्याने पाहिले, पुलाचेही. त्याचा 16 क्रमांक संघाने कायमचा निवृत्त केला. ज्यांना या संघाच्या चिन्हांचा इतिहास एका माणसात पाहायचा असेल, त्यांना दुसरीकडे जावं लागणार नाही.

2024 च्याच मे महिन्यात लेकब-गुबर यांनी आपल्या नव्या महिला संघाचं नाव जाहीर केलं: गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज, नॉर्स पुराणातल्या रणभूमीवरच्या वीरांगना. रंग जांभळा आणि काळा. चिन्हात बे ब्रिजचा मनोरा आहे, पण तो आता तलवार झाला आहे, आणि पुलाच्या तारांचे पंख झाले आहेत. पिसं काढल्यानंतर अर्ध्या शतकाने योद्धा चित्रात परत आला तो असा, खाडीवरच्या पोलादातून घडलेला. या संघाचा सराव ओकलंडमध्ये, वॉरियर्सच्या जुन्या सरावगृहात चालतो, आणि सामने सॅन फ्रान्सिस्कोत होतात. 2025 च्या पहिल्या हंगामात चेस सेंटरमधल्या प्रत्येक सामन्याची सगळी, म्हणजे 18,064 तिकिटं विकली गेली, आणि पदार्पणातच बाद फेरी गाठणारा तो महिलांच्या एनबीए लीगच्या इतिहासातला पहिला नवा संघ ठरला.